पांढऱ्या पायाचा

केडगावात आमच्या गल्लीतून रोज सकाळी डेअरीकडे निघणारे दोघे सगळ्यांच्या ओळखीचे होते. एक माझे वडील रंगनाथ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि दुसरा त्यांचा कुत्रा पैलवान. अण्णा भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून बायपासच्या पलीकडे एका जुन्या पोल्ट्री शेडमध्ये चालणाऱ्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊ लागले. एक दिवस तिथून पैलवानला घेऊनच आले. उंचीला वासराएवढा, तांबूस अंगाचा, आणि चारही पाय घोट्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. नाव पैलवान, पण गल्लीतलं मांजर फिसकारलं की हा अण्णांच्या मागे लपायचा.

"अण्णा, तुमी कुत्र्याला फिरवता का कुत्रं तुमाला?" शेजारच्या साळूबाई विचारायच्या.

"आमी दोघंबी रिटायर हाय. कुणीबी कुणाला फिरवावं."

माझ्या आईने, चांगुणाने, पहिल्या दिवशी त्याला दारातच अडवलं होतं. "एवढ्याला पोसायचं म्हंजी जावई आनून ठेवल्यासारखं." आठवडा गेला नसेल, ती त्याची भाकरी वेगळी थापू लागली. मीठ न घालता.

त्या सकाळी दोघे डेअरीवरून परत आले. अण्णा ओट्यावरच्या खुर्चीत बसले, आईने चहा आणून दिला. पैलवानने नेहमीप्रमाणे त्यांच्या पावलांवर डोकं टेकलं. आई कप न्यायला आली तेव्हा चहा तसाच होता आणि अण्णा नव्हते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेत गेल्यासारखे गेले. मी पुण्याहून पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं आणि पैलवान अजून तिथेच, पायाशी. माणसं उचलायला आली तेव्हा तो स्वतःच उठून बाजूला झाला. कुणाला हाकलावं लागलं नाही.

दहाव्याला श्रीगोंद्याकडची सगळी मंडळी आली. अण्णांचे थोरले भाऊ सूर्यभान, आमचे आप्पा, आणि त्यांची बायको दगडाबाई, जिला मी मोठी आई म्हणते. बांगड्या फोडायच्या नाहीत असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. मी पाहुण्यांना स्टँडवर सोडून आले तोवर ते उरकलं होतं. आईच्या मनगटावर काच लागल्याचा ओरखडा होता आणि कपाळ धुऊन काढलं होतं.

जेवणं झाल्यावर बायका ओट्यावर बसल्या. मोठी आई पैलवानकडे पाहत म्हणाली, "मानूस गेला अन् ह्यानं भुंकून उठवलं सुदिक न्हाई."

"आजारी मानसाजवळ कुत्रं रडतं म्हनत्यात," कुणीतरी म्हणालं.

"हे रडंल कशाला? पाय बघा की त्याचं. पांढऱ्या पायाचं घरात आलं अन् वर्सात घरधनी खाल्ला."

सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. माझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिने आपली पावलं हळूच लुगड्याखाली ओढून घेतली.

हा शब्द कुणासाठी केलेला आहे ते मराठी वाचकाला सांगायला नको. नवी सून घरात आली आणि सासरा गेला, बैल मेला, विहीर आटली, की तिचे पाय पांढरे. नवरा गेला तर पांढरेच पांढरे. शब्द बाईसाठीच आहे. पुरुषाचे पाय कधी पांढरे होत नाहीत. आमच्या भावकीतल्या बिभीषणकाकांच्या दोन बायका गेल्या. ते तिसरीला शेजारी घेऊन घरोघरच्या लग्नात देवकाला बसतात. त्यांच्या पायांकडे कुणी पाहिलेलं नाही.

त्या दिवशी माझ्या आईच्या तोंडावर म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून ते कुत्र्याला म्हटलं गेलं. आणि आईने ते ऐकून घेतलं.

आप्पांच्या मुलीचं, निकिताचं लग्न ठरलेलं होतं. घरात मयत झालं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून तारीख अलीकडे ओढली. मुलाकडचे भिंगारचे, कार्यालय केडगावात, तेव्हा नवरीकडचं बिऱ्हाड आमच्या घरी उतरणार असं आप्पांनी ठरवून टाकलं. आईला विचारलं नाही. थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आप्पा माझ्याकडे पाहून बोलायचे.

"धने, तुझ्या आईला सांग, सोयरे येनार, दारात तसलं जनावर नको. जिथून आनलं तिथं नेऊन घाल म्हनावं."

आई दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. तिने मान डोलावली.

मी भांडले. माझ्या पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सोसायटी कुत्रं येऊ देत नाही, तरी नेते म्हणाले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याच्यापायी कटकट नको." पैलवानला टेम्पोत चढवताना ती बाहेर आली नाही. तो मात्र चढला. सांगितलं ते करायचा तो. टेम्पोत उभा राहून तो दाराकडे पाहत होता, अण्णा येतील म्हणून की आई, मला माहीत नाही.

निवारा चालवणारी अश्विनी माझ्यापेक्षा लहान, बोलायला फटकळ. तिचा फोन आला, "ताई, हा जेवत नाही. पाणी पितो आणि जाळीला तोंड लावून बसतो. सात वर्षांचा कुत्रा आहे, एवढं मोठं शरीर. असं फार दिवस चालणार नाही. घर बघा, नाहीतर तुमचं घर त्याला परत द्या."

मी दर सुट्टीला पुण्याहून येऊन शेडवर जाऊ लागले. फोटो टाकले, ओळखीत सांगितलं. लोक येत. त्याला पाहून हरखत. एक बागायतदार गाडी घेऊन आला, सोबत बायको आणि म्हातारी आई. पैलवानने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. माणूस खूष. "फार्महाऊसला असंच जनावर पायजे. बघूनच चोर पळंल."

"चोर आला तर हा त्याच्या मांडीवर झोपेल," अश्विनी म्हणाली.

सगळे हसले. मग म्हातारी वाकून म्हणाली, "आरं, पर पाय पांढरं हायेत की."

हसणं थांबलं. बायकोने नवऱ्याची बाही ओढली. तो चांगल्या मनाचा माणूस असावा, त्याने तोड काढली. "आई, पायाला काळी मेंदी लावू. बायका केसाला लावत्यात ती. फार्महाऊसच्या वास्तुशांतीपुरतं झालं म्हंजी झालं."

"अन् उडली का?"

"परत लावू."

अश्विनीने त्यांना फाटक उघडून दिलं. "कुत्रा रंगवून मिळणार नाही," एवढंच म्हणाली. गाडी गेल्यावर तिने बादलीला लाथ मारली. "बी.एस्सी. ॲग्री आहे तो, ताई. चौथं घर आहे हे, पायावरून गेलेलं."

हे मी आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. खडे काढून ती पुन्हा गव्हातच टाकत होती.

लग्नाचा आदला दिवस उजाडला. दारात मांडव पडला. गेला महिनाभर आई लग्नासाठी घराची तयारी करत होती: गाद्या उन्हात घालणं, भांडी काढणं, पोरींना झोपायला जागा करणं. तिच्या हातचा स्वयंपाक पन्नास माणसं जेवली. हळदीच्या वेळेला मात्र मोठी आई तिला म्हणाली, "तू आतल्या खोलीत पोरं सांभाळ हां चांगुणा. दमली असशील." घर चालत होतं, घरातली बाई चालत नव्हती.

आई आत बसली. बाहेर गाणं लावलं होतं, निकिता पाटावर बसली होती, सवाष्णी जमल्या होत्या. आणि ऐनवेळी हळदीचं ताट सापडेना. ते आतल्या खोलीत कपाटावर राहिलं होतं. कुणीतरी ओरडलं, "ताट आना की गं!" आईने ते उचललं आणि बाहेर आणून मोठ्या आईच्या हातात दिलं. एवढंच.

मोठ्या आईने ताट घेतलं. हसूनच घेतलं. मग सरळ मोरीत गेली, हळद ओतली, वर तांब्याभर पाणी टाकलं आणि भावकीतल्या लंकाबाईला म्हणाली, "नवी कालव गं. ह्यात कचरा हुता."

आई मोरीच्या दारात उभी होती. पिवळं पाणी जाळीतून खाली जाईपर्यंत तिने पाहिलं. मग आत गेली, चप्पल घातली, पदर सारखा केला.

"धने, रिक्षा बघ."

"कुठं जायचं?"

"पैलवानाला आनाय."

रिक्षात ती माझ्याकडे न पाहता बोलली. "मला वाटलं, त्याला न्हेलं की मिटलं. पाय त्याचं पांढरं हायेत, माझं न्हाईत. त्यांचा राग त्याच्यावर निघंल अन् मी सुटंन. म्हनून मी गप बसले. गरीब जनावर म्होरं केलं अन् त्याच्यामागं लपले."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. सांत्वन तिला नको होतं.

शेडमध्ये पैलवानने तिला पाहिलं आणि उठला. बरगड्या दिसत होत्या. उडी मारली नाही, भुंकला नाही. हळू चालत आला आणि तिच्या पोटाला डोकं लावून उभा राहिला. आईने त्याच्या कानामागे हात ठेवला. "चल. चूक झाली माझी," ती म्हणाली, माणसाला म्हणावं तसं.

रिक्षावाला बजरंग डोळे फाडून पाहत होता. "मावशी, हे कुत्रं हाय का रेडकू? चावतंय का?"

"न्हाई."

"मंग एवढं मोठं कशाला केलंय देवानं?"

त्याने कुरकुरत मागची सीट पुसली आणि बसवून घेतलं. पैलवानचं डोकं सबंध रस्ता बाहेर होतं.

मांडवात हळद रंगली होती. आम्ही उतरलो तशी पहिल्यांदा साळूबाईंनी पाहिलं, मग सगळ्यांनी. गाणं कुणी बंद केलं कळलं नाही. आप्पा फेटा सावरत फाटकात आले.

"धने, तुझ्या आईला सांग, हे जनावर आत यायचं न्हाई."

"भावजी," आई म्हणाली, "मी हितंच हाय. मला सांगा."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती.  आप्पा अजून माझ्याकडेच पाहत होते.

मोठी आई मधे घुसली. "लाज न्हाई वाटत गं? शुभ कार्यात हे पांढऱ्या पायाचं घिऊन आलीस?"

"आक्का, मघाशी हळद ह्यानं आनली हुती का?"

"काय?"

"मोरीत ओतली ती. ती मी आनली हुती. हे तवा शेडमधी हुतं. मंग ओतली कुनापायी?"

"चांगुणा, तोंड वर करून बोलू नगंस."

"मी इचारतीय. कुनाचं पाय पांढरं?"

"तुझं!" मोठी आई किंचाळली. "तुझं! पांढऱ्या पायाची तू! सोन्यासारखा मानूस खाल्लास!"

 बायका खाली पाहू लागल्या. ज्यांनी दहाव्याला पैलवानचे पाय पाहिले होते, त्याच बायका. पाटावर बसलेली निकिता हळदीच्या तोंडाने आमच्याकडे पाहत होती. ती नर्सिंग शिकली आहे. हृदय कसं थांबतं ते तिला ठाऊक आहे. तीही काही बोलली नाही.

"बोललात," आई शांतपणे म्हणाली. "इतकं दिस त्या मुक्याला बोलत हुता."

आप्पा भानावर आले. "आता सरळच सांगतो. एक तर हे कुत्रं, न्हाईतर आमी."

"मांडव तुमचा हाय, घर माझं हाय," आई म्हणाली. "पोरीला उठवू नगा, हळद हू द्या. कुनाला आडवायचं न्हाई मला. पर मी माझ्या घरात म्होरल्या दारानं जानार, अन् हा माझ्यासंगं येनार. ज्याला सोसत न्हाई त्यानं जावं."

त्यांना सोसलं नाही. पाट उचलला, समया उचलल्या, निकिताला गाडीत बसवलं आणि सगळं बिऱ्हाड कार्यालयाकडे निघालं.  जाताना बिभीषणकाका फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "पोरी, आईला समजाव. रीतभात असती." त्यांची तिसरी बायको गाडीतून हाका मारत होती.

रिकाम्या मांडवात आईने भाकरी कुस्करून दुधात भिजवली. पैलवान बराच वेळ नुसता वास घेत राहिला, मग खाऊ लागला. आई शेजारी जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, उद्या आपण लग्नाला जायला नको, मी सुट्टी वाढवते, घरीच राहू.

"का? पुतनी हाय माझी. म्होरं हुबी ऱ्हाऊन अक्षता टाकनार."

"आई, ते दारातच अडवतील."

"आडवू दे. पर ज्याला आडवायचं हाय त्यानं माझ्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत, तो शबूद बोलायचा. मंगच मी मागं फिरंन."

उद्याच्या त्या कार्यालयात आठशे माणसं असतील. त्यांत डॉक्टर असतील, मास्तर असतील, हे वाचणारं कुणी असेल. तो शब्द म्हणायला एक माणूस पुरतो. मला मोजायची आहेत ती बाकीची, खाली पाहणारी.