हिरवं लुगडं

अक्काबाईंनी पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, डाव्या हाताने सलोमीची हनुवटी घट्ट धरली आणि तिच्या कपाळावरचं कुंकू घासायला सुरुवात केली. कुंकू मेणावर लावलेलं होतं. मेणावरचं कुंकू पाण्याला दाद देत नाही, नुसतं पसरतं. दोनचार हात फिरले तशी पोरीच्या भुवयांमध्ये लाल चिखल झाला, पदर रंगला, आणि अक्काबाईंचा पारा आणखी चढला.

"कुणी लावलं हे?"

"द्वारकीच्या काकूंनी. पंचवटीत. हळदीकुंकू होतं चैत्रगौरीचं."

"आणि तू लावून घेतलंस?"

डोळे मिटून, मान वर करून सलोमी नुसती उभी राहिली. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहताना अक्काबाईंचा हात मध्येच थांबला. सिन्नरच्या वाड्यात, न्हाणीपाशी, एका अकरा वर्षांच्या मुलीचं कपाळ तिच्या आत्याने असंच घासलं होतं. त्या मुलीनेही असेच डोळे मिटले होते. ती मुलगी म्हणजे अक्काबाई. त्यांनी पदर सोडला आणि म्हणाल्या, "कोनाड्यात तेल आहे. तुझं तूच पूस."

मिशनच्या आवारात अक्काबाईंचा दबदबा मोठा होता. पाद्रीसाहेबसुद्धा त्यांच्याशी बोलताना खुर्चीवरून उठत. मुलींच्या बोर्डिंगची व्यवस्था त्यांच्याकडे, आणि दर उन्हाळ्यात दृढीकरणाचा वर्गही त्यांचाच. ज्यांचा बाप्तिस्मा पाळण्यात असताना झाला, त्या मुलामुलींनी जाणती झाल्यावर बिशपसाहेबांपुढे उभं राहायचं, आणि आईबापांनी आपल्या वतीने दिलेला शब्द आता स्वतःच्या तोंडाने द्यायचा, असा रिवाज. त्यासाठी महिनाभर शिकवणी. मुलं पोपटासारखी उत्तरं म्हणत. शांतवन कर्डकला तर झोपेतून उठवून 'विश्वास म्हणजे काय?' विचारलं तरी तो एका दमात म्हणून परत झोपला असता. अक्काबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण चौतीस सालचा तो उन्हाळा भयंकर होता, येत्या रविवारी बिशपसाहेब येणार होते, आणि पाठ झालेलं काहीच नसण्यापेक्षा बरं, असा त्यांनी मनाशी हिशोब केला होता.

वर्गात एकच पोर अशी होती की जी प्रश्नाला उलटा प्रश्न विचारी. ती ही सलोमी. बाप यादव पगारे मनमाडला रेल्वेत. पोर हुशार निघाली म्हणून त्याने तिला नाशकात शिकायला ठेवलेली. सकाळी ती शहरातल्या मुलींच्या शाळेत जाई. तिथली तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे ही द्वारकी.

तेलाने कपाळ पुसून सलोमी परत आली. डाग गेला होता, पण घासून घासून कातडी लाल झाली होती.

"अक्काबाई, मी रविवारी उभी राहणार नाही."

"का? एवढ्याशा कुंकवाने काय होतंय? चूक झाली, संपलं."

"कुंकवाचं नाही." ती उंबऱ्यावर बसली. "काकू सगळ्यांना कुंकू लावत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून शेजारणीला म्हणाल्या, एवढ्याशा पोरीचं असं कसं झालं गं? त्यांना वाटलं मी विधवा. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा सांगायचं ना, मी ख्रिस्ती आहे म्हणून? मी म्हटलं, लावायचं राहून गेलं. मग त्यांनी लावलं."

"बरं."

"आणि मला आवडलं, अक्काबाई. घरी येईपर्यंत रस्त्यात कुणी वळून पाहिलं नाही. जिला चार बायकांत आपण कोण ते सांगता येत नाही, तिने बिशपसाहेबांना काय सांगायचं?"

याचं उत्तर शिकवणीत नव्हतं. अक्काबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाच्या रोपाला घातलं.

"आमच्या वेळच्या बायकांनी कुंकू पुसलं तेव्हा घरादाराला मुकल्या होत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला सगळं आयतं मिळालं, म्हणून हे विचार सुचतात."

"तुम्ही कधी पुसलंत?"

"काय?"

"कुंकू. ख्रिस्ती झालात तेव्हा पुसलंत ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना खोटं बोलता येत नसे. ती त्यांची जुनी अडचण होती.

"माझं आधीच पुसलेलं होतं," त्या म्हणाल्या.

सलोमी त्यांच्या कपाळाकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, आणि उद्धटपणाने नाही, खरोखर समजून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, "मग हे कपाळ ख्रिस्ती म्हणून मोकळं आहे, की विधवा म्हणून?"

"ऊठ," अक्काबाई म्हणाल्या. "जा इथून."

राग आला होता, यात शंका नाही. दुपारभर त्यांनी स्वयंपाकिणीवर काढला, मग बोर्डिंगच्या खिडक्यांवर काढला. पण रागाखाली दुसरंच काहीतरी सलत होतं. संध्याकाळी दाराआड टांगलेल्या आरशात त्यांनी पाहिलं. सिन्नरच्या देशमुखांच्या खानदानी घरात विधवा म्हणून त्यांना पांढरं नेसवलं होतं. मिशनमध्ये आल्या तेव्हा इथल्या शिकवणाऱ्या बायकाही पांढरंच नेसत. बाप्तिस्म्याच्या दिवशी सोबतच्या बायकांनी कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, गळ्यात पडून रडल्या. अक्काबाईंना पुसायला काही नव्हतं आणि उतरवायलाही. आत सगळं उलटंपालटं झालं होतं. देव बदलला होता, भीती गेली होती, अक्षर आलं होतं, आणि आरशात मात्र आदल्या दिवशीचीच बाई उभी होती. त्या वेळी त्यांना ते सोयीचं वाटलं होतं. आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी सलोमीला फाटकातच गाठलं.

"चल. पंचवटीत जाऊ."

"कशाला?"

"उभी राहा असं मी म्हणणार नाही, नको राहूस असंही म्हणणार नाही. पण त्या बाईला तू कोण ते सांगून ये. मग काय ते ठरव. मी घाटावर बसते. आत येणार नाही. मी आले तर ते माझं सांगणं होईल."

नदीला पाणी थोडंच होतं. पलीकडे भाजीवाल्यांनी पाट्या आवरायला घेतल्या होत्या आणि एक भटजी यजमानाशी दक्षिणेवरून घासाघीस करत होते. अक्काबाई पायरीवर सावली बघून बसल्या. पोर गल्लीत शिरली. आपण हे काय केलं? पाठ केलेलं म्हणून घेतलं असतं, रविवारी रांगेत उभी केली असती, कुणाला काही कळलं नसतं. आता ती रडत परत येईल, बापाला कळवेल, शाळाही सोडेल. दोनदा त्या उठल्या आणि दोनदा परत बसल्या.

सलोमी आली ती रमतगमत नाही, पण पळतही नाही. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सांगितलंस?"

"सांगितलं. लावायचं राहिलं नव्हतं, आम्ही लावतच नाही म्हटलं. मी ख्रिस्ती आहे म्हटलं."

"मग?"

"काकूंनी पन्हं दिलं. पण पेला वेगळा. बाहेरच्या कोनाड्यातला. म्हणाल्या, जाताना विसळून पालथा घाल."

अक्काबाई पायरीवरून उठल्या. "आणि द्वारकी?"

"ती खाली बघत होती."

"रडू आलं तुला?"

"येत होतं," सलोमी म्हणाली. "पण तहान लागली होती. पिऊन टाकलं." थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "पन्हं फार गोड केलं होतं." आणि आणखी थोड्या वेळाने, पूल ओलांडताना, "मी रविवारी उभी राहीन, अक्काबाई. उत्तरं पाठ नसली तर चालेल ना?"

"चालेल."

"द्वारकी उद्या बोलेल का माझ्याशी?"

"ते मला माहीत नाही," अक्काबाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून चालू लागल्या. एरवी त्या मुलींचे हात धरत नसत.

दृढीकरणाला मुलींनी पांढरं नेसायचं, डोक्यावर पांढरा पदर घ्यायचा. सलोमीचं पातळ बाप मनमाडहून आणणार होता, पण शनिवारी निरोप आला की रात्रपाळी लागली आहे, रविवारी सकाळी सासूला पिंपळगावहून घेऊन परस्पर येतो. पातळाचं निरोपात नावच नव्हतं. अक्काबाईंनी स्वतःचं धुतलेलं पांढरं लुगडं काढून दिलं.

"मग तुम्ही?" सलोमीने विचारलं.

"माझं मी बघते."

दुसरं पांढरं होतं. अंगणातल्या दोरीवर कडकडीत वाळलेलं होतं, घडी घालायचा अवकाश. रविवारी पहाटे अक्काबाई त्या दोरीपाशी गेल्या, लुगड्याला हात लावला आणि परत खोलीत आल्या. खाटेखालची ट्रंक ओढली. तळाशी एक हिरवंगार येवल्याचं लुगडं होतं, लाल काठाचं. फार पूर्वी एक मडमबाई विलायतेला परत जाताना आठवण म्हणून देऊन गेली होती. विधवेला हिरवं देत नाहीत, हे त्या बिचारीला कुठून कळावं? अक्काबाईंनी आभार मानून ते घेतलं होतं आणि मडमबाईच्या पाठोपाठ जणू तेही बोटीवर चढवलं होतं, इतकं ते विसरून गेल्या होत्या. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. घड्यांच्या रेघा मोडता मोडेनात. त्यांनी ते नेसलं.

चर्चमध्ये त्या शिरल्या तशी बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. पाद्रीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. अक्काबाई नेहमीच्या बाकावर जाऊन बसल्या. कान तापले होते. पंचवटीच्या गल्लीत सलोमीला कसं वाटलं असेल, ते त्यांना आता नीट कळलं.

मुलं रांगेने उभी राहिली. इतरांनी तुमच्या वतीने दिलेला शब्द तुम्ही आज स्वतः देता काय, असं बिशपसाहेबांनी त्यांच्या मोडक्या मराठीत विचारलं. शांतवनने प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून दिलं. बाकीच्यांचा एकच गलका झाला. तो थांबल्यावर एक आवाज मागून, एकटाच आला.

"देते."

अक्काबाईंच्या पांढऱ्या लुगड्यात सलोमी जरा थोराड दिसत होती. लुगडं तिला मोठं होत होतं आणि निऱ्या फुगल्या होत्या. बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा अक्काबाईंनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का ते बघून घेतलं.

बाहेर आवारात, लिंबाखाली चहा होता. यादव पगारे चुरगळलेल्या कपड्यांत पाद्रीसाहेबांपुढे हात जोडून उभा होता. त्याच्या सासू साळूबाई गर्दीतून वाट काढत थेट अक्काबाईंकडे आल्या. रुपयाएवढं कुंकू, नऊवारी, कमरेला चंची. लेक-जावई ख्रिस्ती झाले तेव्हा म्हातारीने दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. मग नात झाली आणि तो राग आपोआप ढिला पडला.

"तुमीच का त्या मास्तरीण? पोरगी लय नाव काढती तुमचं."

"गुणी आहे तुमची नात."

"वाईच आगाव हाय," साळूबाई खूश होऊन म्हणाल्या. "लुगडं झ्याक हाय वो तुमचं. येवल्याचं? हिरवं लय शोभतंय तुमाला." मग त्यांची नजर वर गेली आणि चेहऱ्यावर काळजी दिसली. "आन् कपाळ आसं? घाईत कुकू लावायचं ऱ्हाऊन गेलं जणू. थांबा."

त्यांनी चंचीतून कुंकवाची डबी काढली, झाकण उघडलं, बोट बुडवलं. लाल झालेलं बोट अक्काबाईंच्या कपाळाजवळ आलं. अकराव्या वर्षापासून त्यांच्याकडे कुणी असं बोट नेलं नव्हतं. हळदीकुंकवात बायका त्यांना वळसा घालून जात, आणि इथे आल्यावर तो प्रश्नच उरला नव्हता. जवळच कपबशा गोळा करणारी सलोमी जागच्या जागी थांबली.

अक्काबाईंनी म्हातारीचं मनगट हळूच धरलं.

"आमच्यात लावत नाहीत, आजी," त्या म्हणाल्या.

"आसं व्हय!" साळूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "माझी लेक बी हेच म्हनती." ते बोट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्याच कुंकवावर टेकवलं आणि डबी चंचीत टाकून चहाच्या दिशेने निघाल्या.

सलोमीने कपबशी पुढे केली. अक्काबाईंनी ती घेतली. तेच वाक्य आणखी एकदा मोठ्याने म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं, पण आता कुणी विचारत नव्हतं.