हजर की उपलब्ध

तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासतेय. माझ्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही, आणि हे मी अजिबात नम्रपणे सांगत नाहीये.

भाचा मुष्टियुद्धाच्या रिंगणात कोसळला, तेव्हा सामन्याचे डॉक्टर त्यांच्या दवाखान्यात होते. त्यांना पोचायला चाळीस मिनिटं लागली. लगेच उपचार मिळाले असते तर पोरगा वाचला असता, असं शवविच्छेदनाच्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. बहिणीने थेट मुष्टियुद्ध मंडळावर दावा ठोकला.

मंडळाचे वकील निवांत होते. "आम्ही फक्त नियम करतो. नियम म्हणतो, डॉक्टर उपलब्ध असावा. ते फोनवर उपलब्ध होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नियमपुस्तिका आमच्याच छापखान्यातली! आधीच्या आवृत्तीत 'रिंगणाशेजारी हजर' असं होतं. आणि मी जुनी मुद्रितं कधी टाकत नाही. मालक त्यावरून मला उंदीर म्हणतात. म्हणू देत.

पुढच्या तारखेला, शब्द बदलला त्या आवृत्तीचं मुद्रित घेऊन मी साक्षीला उभी राहिले. पानाच्या समासात माझी लाल शाई होती : 'हजर का काढलं? उपलब्ध म्हणजे कुठे?' त्याखाली मंडळाच्या सचिवांची निळी : 'राहू द्या. काय बिघडतं?' खाली झोकदार सही.

वकिलांनी शेवटचा डाव टाकला. "मग बाई, तुम्ही पान पुढे जाऊच कसं दिलंत?"

"चुकलंच माझं. विचारलं आणि गप्प बसले. तेही लिहून घ्या. पण शब्द बदलायचा अधिकार या सचिवांचा होता, माझा नव्हता."

न्यायाधीशांनी सचिवांना ती निळी ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. 'काय'च्या पुढे त्यांची गाडी सरकेना.

मंडळ जबाबदार ठरलं. नियम बदलायचा हुकूम झाला आणि नवं मुद्रित माझ्याच टेबलावर आलं. त्या दिवशी बहीण मुद्दाम छापखान्यात आली. तिने 'हजर'वर बोट ठेवलं.

"शाळेत हजेरीला हे केवढ्याने ओरडायचा गं ताई," ती म्हणाली. "बाई कानावर हात ठेवायच्या."

मी पान पुन्हा वाचायला घेतलं. अक्षरं दिसेनात. पण आता त्यात चूक नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सही केली.