बघतो, मावशी

गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात महेंद्रने कळ दाबली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी चढू लागल्या. कुठल्या आकड्याने सुरू होणारा फोन कुठल्या वाटेने जायचा, याचे नियम होते ते. सांगलीचे नंबर नुकतेच बदलले होते, पुढे नवा आकडा लागला होता. त्या आकड्यासमोर मात्र अजून जुनीच लाइन दिसत होती, आणि ती लाइन कधीच बंद झालेली. या गावातून सांगलीला लावलेला प्रत्येक फोन त्या बंद दारावर जाऊन थडकत होता.

चूक त्याला लख्ख दिसत होती. पण त्याच्या पासवर्डने नियम फक्त वाचता येत. बदलायचे तर ते वरच्या ऑफिसातून. तिथे सांगून झालं होतं, पुन्हा सांगून झालं होतं, आणि तिथले साहेब दरवेळी तितक्याच गोडीने ‘हो हो’ म्हणत होते.

दारात अंबूबाई बसली होती. माळापलीकडच्या वस्तीवरून ती उन्हाची चालत आली होती.

“लागतोय का वो आज?”

“बघतो, मावशी.”

तिची लेक राणी सांगलीत दिलेली. सासरचे तिला माहेरी धाडत नव्हते. मागे अंबूबाई न विचारता जाऊन आली, तर तिची पाठ वळताच राणीला मार बसला. तेव्हापासून मायलेकींचं ठरलं होतं, राणीच्या घराशेजारच्या दुकानात फोन करायचा आणि राणी ‘ये’ म्हणाली तरच न्यायला जायचं. दुकानदार भला होता, पण त्याच्या फोनला बाहेरगावचं कुलूप होतं. फोन यायचा, करता यायचा नाही. सोमवारी सासू देवळात गेली की राणी दुकानात येऊन उभी राही. आज सोमवार होता.

महेंद्रने पुन्हा त्याच ओळी खालीवर केल्या. त्याला या खोलीचा वीट आला होता. यंत्रांसाठी सोडलेला गारठा, कायम बंद खिडक्या, आणि मध्ये तो. अख्खा गाव त्याला साहेब म्हणायचा आणि साहेबाला एक आकडा इकडचा तिकडे करता येत नव्हता.

“बघा, बघा. तुमच्या जिवावर तर म्या निरोप धाडलाय तिला,” अंबूबाई म्हणाली.

“कुणाकडून?”

“धुळाकडनं. भाचा माजा, हळदीच्या ट्रकावर असतोय. राणी पिशवी घिऊन त्याच्या ट्रकापशी आलती म्हनं. मला घिऊन चल म्हनली. त्यानं माजा निरोप सांगितला. आई फोन करनार हाय, साहेब सोता बघत्यात, मग रीतीनं न्यायला येती. उगं पळून आली म्हनायला नगं. तशी गेली माघारी.”

महेंद्रचा हात कळफलकावरच राहिला.

“माघारी गेली?”

“मग वो? तुमी बघतो म्हनला न्हवं!”

तो खरोखरच बघत होता, रोज. यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं. तालुक्याला, फलटणला, एक्स्चेंज वेगळं; तिथल्या कुठल्याही बूथवरून तो फोन लागला असता, हेही त्याला पहिल्यापासून माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे माझ्याच्यानं होत नाही, असं कबूल करणं आलं. त्यापेक्षा ‘बघतो’ म्हणणं सोपं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

“मावशी, मला इथं नुसतं दिसतं. बदलता येत नाही.”

अंबूबाईने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आन मग येवढी टकटक कसली करत व्हता?”

तो उठला.

“फलटणहून लागेल. चला.”

एक्स्चेंज असं सोडून जायला परवानगी नव्हती. त्याने दाराला कुलूप घातलं आणि फाट्यावर, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपला हात केला.

बूथमध्ये त्याने नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली. दुकानदाराला दोन शब्द सांगून त्याने रिसीव्हर अंबूबाईच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“राणे?”

पुढे ती ऐकत राहिली. मध्ये एकदा “व्हय गं, व्हय” म्हणाली आणि रिसीव्हर ठेवायचा कसा ते न कळून तसाच महेंद्रपुढे धरला.

“ये म्हणाली?”

“न्हाई. नुसती रडली.”

“मग?”

“मग काय? आजून काय ऐकायचं ऱ्हायलंय?”

स्टँडवर विट्यावरून जाणारी सांगली गाडी लागलेलीच होती. अंबूबाईची पावलं दारापाशी मात्र अडखळली.

“एकल्या बाईला दारात हुबं करत्यात का न्हाई, कुनाला ठावं,” ती म्हणाली. हे ती त्याला सांगत नव्हती. तिला भीती वाटत होती, एवढंच.

महेंद्रला कुलूप घातलेलं एक्स्चेंज आठवलं. एव्हाना वरच्या ऑफिसातून फोन आला असेल, कोणी उचलला नसेल.

“येतो, मावशी,” तो म्हणाला.

“व्हय, जावा. लय केलंत,” असं म्हणून तिने पदर डोक्यावर घेतला, पायरी चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. शेजारी कुणी टेकलं तशी तिने अंग चोरलं, पिशवी मांडीवर ओढली आणि मान वळवून पाहिलं.

महेंद्र कंडक्टरला हात करत होता.

“दोन सांगली.”