सत्तावीस मण्यांचं कवच

बिबट्या उसातून बाहेर आला तसा दोनशे माणसांचा श्वास छातीतच राहिला.

आळे गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या मळेवस्तीवर, दिवस मावळायच्या बेताला ही गर्दी जमायची. समोर हिरवागार ऊस, उसाच्या कडेला भगवं कापड पांघरलेला चौरंग, चौरंगावर मणीमहाराज. डोळे मिटलेले, मनगटावर सत्तावीस मण्यांची माळ. मागं त्यांचा शिष्य सुदर्शन टाळ वाजवायचा. टाळाचा एक ठोका, की महाराजांचं बोट एक मणी पुढं.

जनावर महाराजांपासून चार हातांवर येऊन थबकलं. नाक पुढं केलं. आणि कुणी न दिसणाऱ्या माणसानं थोबाडावर काठी हाणावी तसं केकाटून उडालं, गर्रकन वळलं, उसात गडप झालं.

माणसं मातीत लोटांगण घालू लागली. तेही पन्नास पावलांवरूनच, कारण त्यापुढं शिष्य कुणाला जाऊ देत नसत.

लोकांना तरी काय बोलावं? दिवाळीआधी वस्तीवरचा गेणभाऊ पिकाला पाणी देताना वाकला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. त्याच्या मागं ओढ्यात त्याची एक चप्पल सापडली, आणि लांबवर उसात बाकीचा गेणभाऊ. भ्यालेल्या माणसाच्या मनगटाला काहीही बांधता येतं.

"सत्तावीस मणी म्हणजे सत्तावीस नक्षत्रं," महाराज मराठीत हिंदी कालवून सांगायचे. "नक्षत्र कलाई पर, तो काल की क्या मजाल? जपातून व्हायब्रेशन निघतं, व्हायब्रेशनचं कवच होतं. तुम्हाला ते दिसत नाही. बिबट्याला दिसतं, कारण त्याचं मन निर्मळ आहे."

एवढ्या निर्मळ मनाच्या जनावरानं गेणभाऊला कसं नेलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. घराघरात माळा गेल्या. नेम असा की रोज सांजेला घरातल्या एकानं आपल्या उसाच्या कडेला बसायचं, मान खाली घालायची, एकशे आठ जप करायचा, आणि मुकं राहायचं.

दादाभाऊच्या घरातून त्याची बायको पुष्पा बसायची. तिला मुकं राहणं जमेना. ओठातल्या ओठात तिची ओवी चालायचीच:

मनगटी माझ्या माळ, मणी सत्तावीस बाई
एक एक मोजिताना लेक डोळ्याआड न्हाई

लेक म्हणजे अकरा वर्षांची संस्कृती. तिच्यासाठीच सगळं.

दादाभाऊच्या मोकळ्या रानात त्या दिवसांत सारजाबाई धनगरणीची मेंढरं बसवायला होती. रानात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, मालक धान्य देतो, आठ-दहा दिवसांत मेंढरांचा वाडा पुढच्या रानात सरकतो. सारजाबाई सत्तरीची, काठीसारखी ताठ. तिनं पहिल्याच दिवशी दादाभाऊला अडवलं.

"भाऊ, बाईला बसवू नका. उभा माणूस जनावराला माणूस दिसतो. बसून वाकलेला शेरडू दिसतो."

"वनखात्याची माणसं पण हेच सांगून गेली," पुष्पा हळूच म्हणाली.

"तू गप." दादाभाऊ सारजाबाईकडं वळला. "मावशे, तुमी मेंढरामागची माणसं. जप-तपातलं तुमाला काय कळतंय?"

"जपातलं न्हाई कळत. शेरडातलं कळतं."

पाचव्या सांजेला पुष्पाची ओवी अर्ध्यात तुटली.

किंकाळी निघालीच नाही, कारण गळाच जबड्यात होता. सारजाबाईला फक्त उसाची पाती कराकरा मोडल्याचं ऐकू आलं. ती धावली, तिची दोन कुत्री तिच्याआधी पोचली. पुष्पा पाठीवर पडलेली, टाचा मातीत नांगरासारख्या ओढत चाललेल्या. सारजाबाईनं काठी जनावराच्या नाकावर घातली. एकदा, दोनदा, काठी मोडेपर्यंत. एक कुत्रं पोट फाटून बाजूला पडलं, तेव्हा कुठं बिबट्यानं पुष्पाला सोडलं. मानेतून रक्त कारंज्यासारखं उडत होतं. सारजाबाईनं डोक्यावरचा पदर फाडून जखमेत कोंबला आणि दवाखाना येईपर्यंत त्यावर मूठ दाबून धरली. पुष्पाच्या मनगटावरचे सगळे मणी जागच्या जागी होते.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, बोलेल की नाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ रक्ताचा सदरा तसाच घालून महाराजांपुढं उभा राहिला.

"माळ व्हती तिच्या हातात. मग असं कसं झालं?"

महाराजांनी डोळे मिटले. "जपात ओवी म्हणत होती. मौन मोडलं, कवच फुटलं. आता तो काळ तुझं घर पाहून गेलाय, बेटा. घरातली कुमारिका त्याच वेळेला उसापाशी बसली तरच तो फिरेल. नाहीतर अख्खी वस्ती जाईल."

"अख्खी वस्ती" हे शब्द गावानं ऐकले आणि दादाभाऊकडं बघू लागलं. त्या नजरांपुढं बाप मोडला. त्याला बायकोच्या रक्ताचं ओझं कुणाच्या तरी डोक्यावर उतरवायचं होतं. महाराजांनी ते पुष्पाच्याच डोक्यावर उतरवून दिलं, म्हणून तो त्यांना धरून राहिला.

सारजाबाई मधे पडली. "लेकराला चारा म्हणून बांधताय काय रं?"

सुदर्शननं हातातल्या टाळानंच तिच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला, दात हालला. कुणी पुढं आलं नाही. ती रक्त थुंकून सरळ उभी राहिली. "उद्या येते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या सांजेला संस्कृतीला नवीन परकर-पोलकं घातलेलं. चौरंगापासून वीस पावलांवर, उसाच्या तोंडाशी तिला बसवलं होतं. मान खाली, वेण्या पुढं आलेल्या. टाळ सुरू झाला.

सारजाबाई शिष्यांच्या हातांखालून वाकून आत शिरली, ती थेट चौरंगाच्या पुढं.

"महाराज, तुमचं कवच लई मोठं. पोरीला चौरंगावर बसवा अन् तुमी पोरीच्या जागी बसा. जप तोच, मणी तेच."

गर्दीत कुणीतरी खुसकन हसलं. "बरोबर हाय की, राव."

"आसन बदललं की सिद्धी मोडते," महाराज म्हणाले.

"सिद्धी मण्यात हाय का चौरंगात?"

 महाराजांनी सुदर्शनकडं बघितलं, सुदर्शननं त्यांच्याकडं. या बघाबघीत टाळ थांबला.

"आता ऐका," सारजाबाई म्हणाली.

टक्. टक्. टक्. चौरंगाच्या पोटातून, सेकंदाला एक.

तो आवाज त्या गर्दीतल्या प्रत्येकाला पाठ होता. ज्याच्या त्याच्या बांधावर रानडुकरासाठी तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन बसवलेलं. सारजाबाईच्या वाघरीभोवती, मेंढरांच्या जाळीभोवतीही तीच तार; काल टाळ तिच्या तोंडावर बसून थांबला, तेव्हा तिनं हा आवाज ओळखला होता. रोजचाच आवाज, म्हणून कानाला कधी वेगळा लागला नाही. तो झाकायलाच टाळ होता. महाराजांचं बोट मशीनच्या ठोक्यावर मणी सरकवत होतं.

सारजाबाईनं उसाचं एक ओलं पातं मोडलं आणि गवतात रिकाम्या दिसणाऱ्या जागी टेकवलं. तिचा हात हिसका खाऊन मागं आला. "दादाभाऊ, या हिकडं. हात लावा."

दादाभाऊनं हात पुढं केला आणि खांद्यापर्यंत झटका खाऊन मागं आपटला. तिथं, हिरव्या रंगाच्या बारीक दांड्यांवर, केसासारखी तार अर्धगोल ओढलेली होती. पन्नास पावलांवरून, मावळतीच्या उजेडात, ती कुणाला दिसणार? भगवं कापड ओढलं तर खाली बॅटरी आणि मशीन. तेवढ्यात सारजाबाईच्या उरलेल्या कुत्र्यानं उसातून एक गोणी फरफटत आणली. गोणीत कुठल्याशा पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या.

म्हणजे बिबट्या यायचा तो मेलेल्या कोंबड्यांच्या वासानं, आणि पळायचा तो तारेच्या झटक्यानं. महाराजांपुढं तार होती. पुष्पापुढं काय होतं? लाकडाचे सत्तावीस मणी.

दादाभाऊनं आधी धावत जाऊन लेकीला उचलून गर्दीत आणलं. मग कोयता घेतला.

त्यानंतर जे झालं ते सांगायला जीभ अडखळते. सुदर्शनला त्याच्याच टाळानं ठेचलं. महाराजांना केसांना धरून तारेवर दाबलं, ते दर टकटकीला ओरडत होते आणि माणसं त्या ओरडण्याला टाळ्या देत होती. कालपर्यंत याच हातांनी त्यांच्यापुढं माती कपाळाला लावली होती. दादाभाऊचा कोयता वर गेला.

सारजाबाई महाराजांवर आडवी पडली. फाटलेल्या ओठानं तिचे शब्द नीट येत नव्हते.

"मारू नका. याला मारलात तर वर्षात समाधी बांधाल. समाधीवर दुसरा बसंल, अन् पुन्हा मणी विकंल. जित्ता द्या पोलिसांकडं. भर कोर्टात सांगू दे त्याला, तार कशी लावली."

 दादाभाऊनं कोयता मातीत टाकला, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

गर्दी पांगताना संस्कृती बापाजवळ आली.

"पप्पा, मला खरंच तिथं बसवून ठेवणार व्हता?"

तो खोटं बोलू शकला असता. "व्हय," तो म्हणाला. "बसवून ठेवणार व्हतो."

 पोर जाऊन सारजाबाईच्या बाजूला उभी राहिली.

वाचकहो, मणी मोजून मन निवत असेल तर खुशाल मोजा. आपल्या घरात, दार लावून मोजा. पण मण्याला जनावर ओळखत नाही. सांजेला रानात जाणं भाग असेल तर दोघं-तिघं जा, मोठ्यानं बोला, गाणं म्हणा, हातातली बॅटरी पेटती ठेवा, वाकून बसू नका. आणि कुणी तुमच्या लेकराला चमत्काराच्या तोंडी बसवायला सांगितलं, तर चमत्काराचं कापड आधी उचलून बघा. दादाभाऊला ते सुचलं नाही. त्याची लेक अजून त्याच्याशी बोलत नाही.