हळदीकुंकवात घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव मी जन्मात दोनदा घेतलं. पहिल्यांदा लग्नात, दुसऱ्यांदा चिंचवडला इंदुताईंच्या हळदीकुंकवात. त्या दुसऱ्या वेळी आमचं वाटोळं झालं.

आम्ही चाकणकडचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. हे सातवी पास झाले, पण भैरू या नावाने केलेल्या तीन अर्जांना उत्तरसुद्धा आलं नाही. चौथ्या अर्जाआधी ह्यांनी रीतसर नाव बदलून भालचंद्र चाकणकर करून घेतलं आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून म्हणून लागले. माणूस तोच, अक्षरही तेच. हेडक्लार्क इतके खूश झाले की चिंचवडला आपल्याच घरामागची खोली त्यांनी आम्हाला भाड्याने दिली. चाकणकर म्हणजे आपल्यातलेच, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. ह्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझंही रंभाचं रमा झालं. तेवढं मी चालवून घेतलं.

इंदुताई म्हणजे हेडक्लार्कांच्या पत्नी. माझ्यावर माया करायच्या, खोटं कशाला बोलू. लोणच्याची फोड आणून द्यायच्या, केसांना तेल लावून द्यायच्या. माझं बोलणं ऐकून हसायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, खेड्यात वाढलीय हो पोर. मला मात्र त्यांच्याकडे पाणी पितानाही धाकधूक व्हायची. कळलं तर खोली जाणार, आणि नोकरीही हेडक्लार्कांच्याच हातात.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. तिथे नाव घ्यायला लावतील म्हणून ह्यांनी मला उखाणा रचून दिला. त्यात चांदीचं ताट, केशरी पेढे आणि भालचंद्रराव. आमच्या घरात पितळेची परात तेवढी होती. म्हणून दाखव, म्हणाले. पण नवऱ्याच्या तोंडावर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मला मेलीला लाज वाटली. मनातल्या मनात पाठ केला, जीभ एकदाही वळवली नाही. चुकलं ते इथेच.

इंदुताईंनी मला पाटावर बसवून ओटी भरली, पन्ह्याचं भांडं हातात दिलं. बायका म्हणाल्या, घ्या आता नाव. मी डोळे मिटले आणि तोंडातून लग्नातलंच, आमच्या भामा नदीवरचं आलं.

"भामेच्या काठाला बाभळी दाट, भैरूरावांच्या संगं चढीन घाट."

एक बाई फिसकन हसली. भैरू कोण गं, म्हणाली. इंदुताई हसल्या नाहीत.

"रमा, तुझं माहेरचं आडनाव काय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

तेव्हाही मला खोटं सांगता आलं असतं. पण ज्या नावाने मला हळद लागली ते तोंडातून गेलं होतं, आणि ते परत गिळायला माझा जीव होईना. मी आडनाव सांगितलं. वस्तीही सांगितली.

कुणी ओरडलं नाही. बायका नुसत्या पदर सावरून सरकून बसल्या. इंदुताईंनी सगळ्यांची भांडी उचलली, माझं तेवढं ठेवलं. हे तूच घेऊन जा, म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचा मला आजही राग येतो.

आठवड्यात खोली गेली. नोकरी राहिली, पण टेबल गेलं. ह्यांना गोदामात माल उचलायला लावलं. परवापर्यंत चाकणकर म्हणणारे हेडक्लार्क आता सगळ्यांसमोर "ए भैरू" अशी हाक मारू लागले.

पिंपरीच्या बाजारामागे आम्ही पत्र्याची खोली घेतली. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला रडता तरी आलं असतं. एका रविवारी मी भाकरी थापत होते, तर माझ्या मागे येऊन बसले.

"त्या दिवशी तू कसं घेतलंस, ऐकू दे की. घे एकदा नाव."

माझे हात पिठात थांबले.

"कंचं घेऊ?"

ह्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग उठले आणि कळशी घेऊन नळावर गेले.