झाकणाचा काठ

सासरेबुवांनी ॲल्युमिनियमला हात लावला की त्यात बघून खुशाल भांग पाडावा, अशी त्यांची ख्याती. कार्बोरेटर असो की इंजिनावरचं झाकण, काळंकुट्ट यायचं आणि लखलखत जायचं. पण हल्ली त्यांचं डोकं दगा देत होतं. परवा चष्मा भाग धुण्याच्या डब्यात टाकला, काल एकच नट तीनदा शोधला. "आणखी एक चूक झाली की बाबांना घरी बसवायचं," मुलाने बायकोला सांगून ठेवलं होतं. तो काही वाईट नव्हता. पॉलिशच्या फिरत्या चाकाजवळ वडिलांची बोटं दिसली की तो हातातलं काम टाकून धावायचा. सुनेला मात्र ठाऊक होतं, कामावरून उठवलं की म्हातारा खचलाच.

आणि आज नेमकी चूक झाली. झाकणाचा जो काठ इंजिनावर टेकतो, त्याला पॉलिशचं चाक लावायचं नसतं. काठ गोल झाला की तेल गळतं. सासऱ्यांनीच हे तिला कामाच्या पहिल्या आठवड्यात बजावलं होतं. आज तोच काठ नको तेवढा चमकत होता.

नवऱ्याने त्यावर बोट फिरवलं आणि त्याचा पारा चढला. "हे कोणी केलं?"

"मी," ती बोलून गेली.

"तू?" सासरे ताडकन उठले. "काठाला चाक लावलंस? नऊ वर्षं काय झोपा काढल्यास का गं?"

त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. तिचा जीव तुटला. तिने मान खाली घातली, तसे ते विरघळले. "जाऊ दे, रडू नकोस. पुन्हा पहिल्यापासून शिकवतो."

नवरा तिच्या हातांकडे बघत होता. सकाळपासून ती भाग धूत होती. साबणाच्या पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. वडिलांची बोटं पॉलिशने नखांपर्यंत काळी. त्याला सगळं उमगलं. झाकण त्याने हळूच खाली ठेवलं.

"काठ मी मशीनवर सपाट करून आणतो," तो म्हणाला. "पण बाबा, हिचा काही भरवसा नाही. यापुढे चाक सुरू केलंत की हिला शेजारीच बसवून घेत जा."

"हे तू मला सांगणार?" म्हातारा गुरगुरला आणि त्याने पायाने स्टूल सुनेकडे सरकवलं.