तांब्यातली पार्वतम्मा

मंद्रूपच्या समाजमंदिरात त्या गुरुवारी इतकी गर्दी होती की मुंगीलासुद्धा नंबर लावून आत यावं लागलं असतं. मधोमध दिव्यनाद महाराज, पुढ्यात पितळी तांब्या. महाराजांनी तांब्यावरून हात फिरवला आणि तीन महिन्यांपूर्वी वारलेली पार्वतम्मा आतून बोलली,

"शेंगा लई बारीक कुटू नका. तेल सुटलं की थांबायचं."

बायका हुंदके देऊ लागल्या. पार्वतम्माचा नवरा रुद्रप्पा हात जोडून पुढं सरकला.

"ऐकलंत?" महाराज गरजले. "शेंगा म्हणजे कर्मं! तेल म्हणजे आत्मा! माउली म्हणतात, यजमानांनी सुया टोचून घेऊ नयेत. फक्त माझा अंगारा!"

"व्हय महाराज. बारा दिस झालं, साखरेची सुई सोडलीया," रुद्रप्पा म्हणाला. त्याला धड बसवतही नव्हतं.

मागं भिंतीला टेकलेल्या गुरुशांतनं खिशातला मोबाइल चाचपला. हा गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. तांब्यात कोण बोलतंय हे त्याला पहिल्या गुरुवारीच कळलं होतं.

गेल्या वर्षी पुतणी अक्षतानं त्याला पॉडकास्ट ऐकायला शिकवलं आणि गडी असा नादावला, की गाईचं हंबरणं तेवढं सोडून सगळं गाव त्यानं मोबाइलात भरलं. म्हाताऱ्यांच्या आठवणी, ओव्या, पार्वतम्माची शेंगाचटणी, सगळं वाचनालयाच्या पॉडकास्टवर. ज्याला वाचता येत नाही त्यालाही वाचनालय मिळावं, एवढाच हेतू. श्रोते जमले अकरा. त्यातले चार तो स्वतःच, वेगवेगळ्या मोबाइलवरून. मग बारावा आला, भगव्या कफनीतला. गुरुशांतनं त्याला चहा पाजला, कोण बोलतंय, कोण वारलंय, घरी मागं कोण आहे, सगळं कौतुकानं सांगितलं.

खरं बोलावं, तर रुद्रप्पामामा एकच प्रश्न विचारणार. त्याच्या भीतीनं दोन गुरुवार तो गप्प बसला होता.

तेवढ्यात अंगारा घ्यायला उठलेला रुद्रप्पा भेलकांडून खाली बसला.

"थांबा!" गुरुशांत ओरडला. "पार्वतम्माअव्वा पुढं काय बोलल्या, ते मी ऐकवतो." त्यानं मोबाइल उंच धरला. त्यातून पार्वतम्माच बोलली, "तेल सुटलं की थांबायचं. गुरुशांता, तो पंखा बंद कर की, लई टकटक करतोय."

सगळ्या माना तांब्यावरून मोबाइलाकडं वळल्या.

"माउली एकाच वेळी दोन ठिकाणी..." महाराज चाचरले.

गुरुशांतनं पुढं येऊन तांब्या उपडा केला. लिंबाएवढा स्पीकर गडगडत बाहेर आला, निळा दिवा लुकलुकवत. तो वाजवणारा मोबाइल निघाला महाराजांच्या कफनीत.

"अगं बया!" मघाशी हुंदके देणारी बजाबाई किंचाळली. "आमी ह्या डबड्याच्या पाया पडलो व्हय!"

गर्दी महाराजांकडं वळली. रुद्रप्पा मात्र गुरुशांतकडं बघत होता.

"तुज्याकडं व्हता तिचा आवाज?"

"व्हय, मामा."

"मग मला का न्हाय ऐकवलास? घरात असता तर मी ह्याच्या दारात आलो असतो व्हय रं?"

गुरुशांतची मान वर होईना. "आज येतो, उद्या येतो करत ऱ्हायलो, मामा. चुकलो. आधी दवाखान्यात चला."

सोलापूरचा दवाखाना येईपर्यंत रुद्रप्पानं मोबाइल कानाचा काढला नाही.

मंडळी, मेलेलं माणूस बोलत नसतं. बोलतो तो कुणीतरी साठवलेला आवाज. तो कुणी भरला, कुठून वाजतोय, हे विचारायला लाजू नका. कुणी औषध सोडा म्हणालं, तर आधी त्यालाच सोडा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं पहिल्या गुरुवारीच उठावं. तिसऱ्या गुरुवारपर्यंत महाराजाला गुरुशांतनंच पोसलं होतं.